बाबांची वही : आणीबाणीत आतून शाबूत राहणं पुरेसं होतं का?

माळावरची (धागा)

गावचं घर विकायला काढलंय. दिवाळीनंतर भाऊ आणि मी चार दिवस आवराआवर करायला गेलो होतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या हजेरीपटांच्या खाली, एक दोनशेपानी वही सापडली. खाकी कव्हर, वर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात 'शेरेबुक, जुने'. आत शेरे नव्हतेच.

वही 27 जून 1975 ला सुरू होते आणि 21 मार्च 1977 ला संपते, म्हणजे आणीबाणी उठली त्या दिवशी. डाव्या पानावर रेडिओने काय सांगितलं ते, उजव्या पानावर गावात काय झालं ते. एवढंच. मत कुठेच नाही. एक नमुना देते:

डावीकडे: 'वीस कलमी कार्यक्रमास खेड्यापाड्यांतून उत्स्फूर्त प्रतिसाद.'
उजवीकडे: 'जीपचा धुरळा दिसला तशी बाजारातली माणसे ओढ्यात उतरून पळाली. भाजी तशीच पडून. म्हशीने मेथी खाल्ली.'

बाबा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. माणदेशातलं गाव, दोनशिक्षकी शाळा. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. शाळेच्या भिंतीवर निळीने 'आम्ही दोघे, आमचे दोन' लिहिताना मी त्यांच्यासाठी डबा धरून उभी होते, हे मला स्वच्छ आठवतं. प्रार्थनेनंतर आम्ही पोरं वीस कलमं घोकायचो, तीही बाबांनीच पाठ करून घेतलेली.

1976 च्या पावसाळ्यात शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' नेमून दिल्या गेल्या. आजच्या वाचकांसाठी सांगते, 'केस' म्हणजे एक माणूस. केस आणली नाही तर पगार थांबायचा. बाबांना दोन केसेस होत्या. पहिली केस म्हणून ते स्वतःच गेले. दुसरी त्यांनी दिली नाही. तीन महिने पगार बंद होता, आईच्या पाटल्या तेव्हा गेल्या त्या गेल्याच.

वही वाचून झाल्यावर भाऊ म्हणाला, "बाहेर भिंत रंगवायची आणि शूरपणा ट्रंकेत ठेवायचा. घाबरले होते बाबा." आमचं त्या रात्री चांगलंच वाजलं. मला त्याचं म्हणणं पटलं नाही, अजून पटत नाही. बाबा घाबरले होते हे मला मान्य आहे. चार तोंडं खाणारी असलेला माणूस घाबरणारच. पण घाबरलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते मी इतरत्र पाहिलंय. तो आधी जिवाच्या भीतीने खोटं बोलतो. मग रोज रोज खोटं बोलण्याचा त्रास होतो म्हणून तेच खरं मानायला लागतो, आणि एकदा खरं मानलं की दुसऱ्याला धरून आणायला त्याचा हात कचरत नाही. बाबांनी एकवीस महिने रोज रात्री कंदिलाशी बसून स्वतःला बजावलं, की डावीकडचं खरं नाही, उजवीकडचं खरं आहे. दुसरी केस न देण्याचं बळ त्यांना त्या उजव्या पानातूनच आलं, असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा. माझे वडील आहेत म्हणून हात राखू नका.

उंबरठा

हात राखत नाही, पण आधी एक सांगतो: स्वतः केस म्हणून जाणं ही लहान गोष्ट नाही. त्या माणसाला माझा नमस्कार.

तरी मुद्द्यावर असहमत. आतलं स्वातंत्र्य हे कुठल्याही हुकूमशाहीला परवडतं. तिला तुमचं मन नको असतं, भिंत हवी असते. ती रंगवून मिळाली. शेजारच्या गावच्या माणसाला त्या भिंतीवरून एवढंच कळलं, की मास्तरसुद्धा सरकारच्या बाजूने आहेत. त्याची भीती एका माणसाने वाढली. वही त्याला कुठे दिसली?

याच काळात दुर्गाबाई भागवतांनी काय केलं ते आठवा. डिसेंबर 1975, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्षा त्या, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. इंदिरा सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण नुकतेच कैदेतून सुटून मुंबईत जसलोकमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने पडलेले. दुर्गाबाईंनी त्या मांडवात, त्या मंत्र्यासमोर, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली आणि लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलल्या. पुढच्या वर्षी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून त्यांना पोलिसांनी उचललं. पासष्टी ओलांडलेल्या, पुस्तकांत रमणाऱ्या बाई. त्यांच्याकडेही वही-पेन होतंच की. घरी बसून लिहिता आलं असतं.

जे उघड बोललं जातं तेच स्वातंत्र्य. बाकीचं सांत्वन आहे.

गिरगावकर

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, बँकेत कारकून. हे सगळं वाचताना मला माझा काळ ओळखू येत नाही. लोकल वेळेवर यायला लागल्या. कचेरीत माणसं दहाच्या ठोक्याला जागेवर असायची. मोर्चे नाहीत, बंद नाहीत. साठेबाजांवर धाडी पडल्या तेव्हा आमच्या चाळीत लोक खुश होते. राज्यात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री, त्यांना हेडमास्तर म्हणायचेच. आम्हाला कुणी दडपलंय असं वाटलं नाही, आणि मी खोटं सांगत नाहीये. विनोबांसारख्या माणसाने आणीबाणीला 'अनुशासन पर्व' म्हटलं होतं, ते काही भीतीपोटी नव्हे.

अतिरेक झाले, नसबंदीत झाले, ते वाईटच. पण सगळा महाराष्ट्र कंदील लावून गुपचूप वह्या लिहीत होता असं चित्र नको.

वकिलीणबाई

@गिरगावकर, तुमच्या आठवणीवर मी शंका घेत नाही. आणीबाणीतल्या जुलमांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात मिसा (अंतर्गत सुरक्षा कायदा) आणि भारत संरक्षण कायद्याखाली पकडलेल्यांचा देशभरचा आकडा 1,10,806 आहे. तुमच्या चाळीतला कुणी त्यात नसेल. चाळीला जे कळलं नाही ते न कळण्यासाठीच सेन्सॉर बसवलेला होता, एवढं मात्र लक्षात घ्या.

आता धाग्याच्या विषयाबद्दल. मला शिक्षकापेक्षा न्यायाधीशाचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. 28 एप्रिल 1976. स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येते का, एवढाच प्रश्न. नऊ उच्च न्यायालयांनी येते म्हणून सांगितलेलं. सर्वोच्च न्यायालयात न्या. हंसराज खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैरापोटी माणसाचा जीव घेतला तरी दाद नाही का? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. हे उत्तर ऐकूनही पाचांतल्या चौघांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. एकटे खन्ना विरोधात गेले, आणि जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश केलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

ते चौघे दुष्ट नव्हते. मनातून त्यांनाही चुटपुट लागली असेल, कुणास ठाऊक. पण त्या चुटपुटीचा कोठडीतल्या माणसाला काडीचा उपयोग झाला नाही. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अखेर पुसला, तेव्हा ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षं गेली मध्ये.

म्हणून माझं मत उंबरठा यांच्या जवळ जातं, पण तंतोतंत तेच नाही. ज्याच्या हातात कागद आहे, शिक्का आहे, त्याला 'मी आतून स्वतंत्र होतो' म्हणण्याची मुभा नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला आहे. मास्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी होते. त्यांच्या हातात एक यादी होती, आणि त्यांनी ती पूर्ण केली नाही.

पायवाट

विनोबांचं नाव आलंच आहे तर त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्यांच्या बाबतीत हा प्रश्न माझ्या मनात वर्षानुवर्षं अडकून आहे.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. साने गुरुजी समोर बसून भराभर उतरवून घेत होते. ऐकायला सत्याग्रही होते तसे साधे कैदीही होते. दगडी भिंतींच्या आत, परक्या सरकारच्या कैदेत, अठरा रविवार ही माणसं गीता ऐकत बसली. तुरुंग त्यांना तुरुंग राहिलाच नाही. आतलं स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

आणि तेच विनोबा 1975 मध्ये पवनारच्या आश्रमात. त्यांचं वर्षभराचं मौन चालू होतं. 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द त्यांच्या नावावर देशभर भिंतींवर लागले. सत्तेचं ते शासन, आचार्यांचं ते अनुशासन, असा खुलासा त्यांनी पुढे केला. जानेवारी 1976 मध्ये पवनारला आचार्यांचं संमेलन भरलं आणि देशातलं वातावरण पूर्ववत व्हावं अशी मागणी तिथून झाली. पण खुलासा भिंतीवर लागत नाही. ज्या माणसाचं मन कुठल्याही बेडीने बांधलं जात नव्हतं, त्याचे शब्द बेड्या घालणाऱ्यांनी वापरले.

मी विनोबांना दोष द्यायला बसलेलो नाही. ज्यांची पुस्तकं उशाशी घेऊन वाढलो त्यांना कसा देऊ? पण मन मुक्त असूनही माणूस दुसऱ्याच्या कामी येऊ शकतो, नकळत येऊ शकतो, हे पवनारने मला शिकवलं.

गिरगावकर

@पायवाट, हा खुलासा मला ठाऊक नव्हता. भिंतीवरचं तेवढं वाचलं होतं.

ओढ्याकाठचा

मी सहसा फक्त वाचतो. आज लिहितो.

आमचंही गाव माणदेशातलंच. माझे चुलत आजोबा 1976 मध्ये बावीस-तेवीस वर्षांचे होते. मेंढरं राखायचे. लग्न ठरलेलं होतं. बाजारातून लोकर विकून येताना त्यांना गाडीत घातलं. संध्याकाळी सोडलं तेव्हा हातात तुपाचा डबा आणि काही रुपये होते. घरी त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटली असेल. ठरल्याप्रमाणे लग्न झालं.

मूल झालं नाही. गावाने आजीला वांझ म्हटलं. तिला वटसावित्रीला बोलवायचे नाहीत, ओटी भरायला बोलवायचे नाहीत. बारशाला गेली तर पाळण्याला हात लावू द्यायचे नाहीत. तिने किती नवस केले, किती वैदू केले, त्याला गणती नाही. आजोबा गप्प. 1994 साली आजोबांना पोट फुगून दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरने तपासताना विचारलं, आणि आजीला कळलं. अठरा वर्षांनी.

1976-77 या वर्षात देशात नसबंदीच्या ऐंशी लाखांच्या वर शस्त्रक्रिया झाल्या असं मी वाचलंय. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचा कायदाच मंजूर केला होता, राष्ट्रपतींची मंजुरी आली नाही म्हणून तो राहिला. हे आकडे आणि कायदे मी पाठ केलेत, कारण आजीला कुणीतरी सांगायला हवं होतं की तिची काही चूक नव्हती.

माळावरचीताई, तुमच्या वडिलांनी दुसरी केस दिली नाही, त्यांचे उपकार आहेत कुणावर तरी. पण म्हशीने मेथी खाल्ली हे ज्यांनी लिहिलं, ते त्या बाजारात उभे होते ना? मग पळताना जे सापडले त्यांचं काय झालं, हेही त्यांनी पाहिलं असणार. माझ्या आजोबांच्या बाजारातही कुणी मास्तर उभे असतील. त्यांनीही रात्री काही लिहिलं असेल. आतून ते स्वतंत्र राहिले असतील, माझी ना नाही. आजीला त्याचं काय?

माळावरची

ओढ्याकाठचा, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

तुमचं बरोबर आहे. मी धागा काढला तो बाबांसाठी. बाबा शाबूत राहिले का, एवढंच मी बघत होते. ज्यांना गाडीत घातलं त्यांच्या बाजूने मी ती वही वाचलीच नव्हती.

अजून एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती, आता लिहिते. 1977 मध्ये शहा आयोग नेमला गेला. कुणावर काय जुलूम झाला ते कळवा म्हणून त्याने लोकांना आवाहन केलं होतं. बाबांकडे तारीखवार वही होती. आता भीती नव्हती, सरकार बदललं होतं. त्यांनी ती पाठवली नाही. का नाही, मला माहीत नाही. भावाचं म्हणणं मला इथे खोडता येत नाही.

कोकणकडा

उशिरा येतोय. चर्चा फार जड झाली आहे, पण मला बाबांच्या बाजूने थोडं बोलायचंय, आणि ते मी मधू दंडवते आणि प्रमिलाताईंच्या आधाराने बोलणार आहे.

मधू दंडवते, आमच्या राजापूरचे खासदार आणि त्याआधी मुंबईत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, बंगळूरच्या तुरुंगात. प्रमिलाताई येरवड्याला. दीड वर्षाच्या आसपास नवरा-बायको दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत, आणि या काळात एकमेकांना जवळपास 200 पत्रं. प्रत्येक पत्र तुरुंगाधिकाऱ्याने वाचून पुढे जाणार हे दोघांनाही ठाऊक. तरी कविता, संगीत, पुस्तकं, घरचं बोलणं. राजकीय अर्थाने त्या पत्रांनी काय साधलं? काहीच नाही. तुरुंगाचं एक दारही त्यांनी उघडलं नाही.

त्याच बंगळूरच्या तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या, नटी, दम्याच्या रुग्ण. रात्रीच्या शांततेत त्यांचं ओरडणं आपल्याला ऐकू यायचं, असं दंडवत्यांनी नोंदवून ठेवलंय. जानेवारी 1977 मध्ये त्यांना सोडलं आणि पाच दिवसांत त्या गेल्या. भिंतीपलीकडे माणूस श्वासासाठी झगडतंय आणि आपण काही करू शकत नाही, अशा जागी दंडवते राहिले. तिथे माणूस एकतर दगड होतो नाहीतर सुडाने पेटतो.

ते बाहेर आले आणि रेल्वेमंत्री झाले. 1974 च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतलं. आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचाचा फोम बसवायला सुरुवात केली. आज स्लीपरमध्ये आपण आडवे होतो ना, त्या गादीची सुरुवात तिथे आहे. तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या मनात येतं काय, तर रात्रभर फळीवर झोपून गावी जाणाऱ्यांची पाठ. पत्रांनी तेवढं वाचवलं, असं मी म्हणतो. आतलं टिकलं नसतं तर संधी आल्यावर बाहेर काढायला काय उरलं असतं?

म्हणून उंबरठा, त्याला सांत्वन म्हणून बाजूला सारू नका. ते बियाणं आहे. पेरलं नाही तर वाया जातं, हे कबूल.

उंबरठा

@कोकणकडा, शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत म्हणून मी ते लिहीत नाही. 1977 मध्ये पेरणीचा हंगाम आला होता, आणि ती वही ट्रंकेतच राहिली.

पण माझ्या पहिल्या प्रतिसादातलं 'सांत्वन' मी मागे घेतो. दुर्गाबाईंना घरी वाट बघणारी चार तोंडं नव्हती, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. भिंतीबद्दलचं मत मात्र तेच आहे. ती रंगवायला नको होती, किंवा निदान इतक्या सुंदर अक्षरात नको होती.

वकिलीणबाई

अक्षराचा मुद्दा मला लागला. माझे सासरे त्याच काळात मामलेदार कचेरीत होते. नको ते आदेश मुद्दाम गिचमिड अक्षरात टंकायला द्यायचे, म्हणजे टंकलेखक परत विचारायला येईल आणि दिवस जाईल. एवढंच जमायचं त्यांना. पण ज्याचा आदेश असेल त्याला तो एक दिवस मिळायचा.

ओढ्याकाठचा

ताई, एक विचारू का? त्या उजव्या पानांवर नावं आहेत का? ज्यांना नेलं त्यांची?

माळावरची

काल रात्री सगळी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी फक्त त्यासाठी. बहुतेक ठिकाणी 'दोघे नेले', 'चौघे नेले' एवढंच आहे. काही ठिकाणी नावं आहेत, ती इथे उघड्यावर लिहीत नाही, कारण त्यांची मुलं-भावंडं असतील. एक नोंद मात्र जशीच्या तशी देते:

'4 ऑक्टोबर 1976, सोमवार. बाजार. पाच नेले. तिघे आपल्या गावचे. एक म्हातारा, साठीच्या पुढचा. एक पोरगा, खांद्यावर रिकामे पोते, लग्न ठरले आहे म्हणून हात जोडत होता. नाव विचारायचा धीर झाला नाही.'

त्या रात्री डावं पान कोरं आहे. पूर्ण वहीत तेवढं एकच.

भावाला हे पान दाखवलं. तो काहीच बोलला नाही. घर विकलं तरी वही आम्ही विकणाऱ्या सामानात घालणार नाही, एवढं दोघांचं ठरलं.

ओढ्याकाठचा

लोकर पोत्यातूनच न्यायचे.

सोमवारचा बाजार आमच्याकडच्या दोन-तीन गावांना भरतो, त्यामुळे काही सांगता येत नाही. आजोबा 2009 साली गेले. आजी आहे अजून. कान गेलेत, पण सगळं आठवतं. रविवारी गावी जाणार आहे तेव्हा लग्न कोणत्या महिन्यात झालं ते तिला विचारतो, आणि जमलं तर ते पान तिला वाचून दाखवतो. तुम्ही पानाचा फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवाल का?

माळावरची

पाठवला. मागच्या-पुढच्या दोन पानांसकट.